मागची फळी कुठाय?

घरात आणलेला सबवूफर म्हणजे स्वतःच्या खिशातून शेजाऱ्यांना दिलेलं प्रेझेंट! गाणं तुम्ही ऐकता, धडधड त्यांच्या वाट्याला. बासरी, गायिकेचा तार सप्तक वगैरे सभ्य मंडळी भिंतीपाशी बऱ्यापैकी थांबतात. पण ४० हर्ट्झचा खर्ज? त्याची एकेक लाट साडेआठ मीटर लांब असते. तुमच्या बिल्डरची साडेचार इंची भिंत तिच्या खिजगणतीतही नसते.

कायद्याचाही इथे फारसा आधार नाही बरं का. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी ‘ए’ पद्धतीची. आपला कान खर्जाला कमी दाद देतो, म्हणून ही पद्धत ५० हर्ट्झच्या आवाजातून चक्क ३० डेसिबल वजा करते. मीटर शांत, आणि पलीकडच्या मांडणीवरची ताटं मात्र ताल धरून!

शेगावला माझ्या मामांकडे नेमकं हेच चाललं होतं. मामांनी आयुष्यभर लग्नाकार्यांना साउंड सर्व्हिस दिली. धंदा आवरल्यावर हौसेनं होम थिएटर आणलं. ऐकतात काय, तर भजनं आणि पखवाज. गजानन महाराजांच्या गावात यात नवल काहीच नाही. पण सामाईक भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची खोली आहे, आणि काका दोन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत. त्यांचा डोळा लागावा आणि इकडून थाप पडावी! काकू दोनदा सांगून गेल्या. तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. अंगणातून बोलणंही बंद. मग मामांनी सबवूफरची पिनच काढून ठेवली. आता बिनखर्जाचा पखवाज म्हणजे डाव्या पुडीला कणीक न लावता वाजवलेला पखवाज. मामांनी हळूहळू ऐकणंच सोडलं. फोनवर मामी म्हणाली, “दिवसभर टीव्हीसमोर बसते हा माणूस, आवाज बंद करून.” मी पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली.

डोक्यात होता डायपोल सबवूफर. नाव भारी आहे, कल्पना साधी. स्पीकरचा कागदी कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून तितकीच ओढतो. म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलट. नेहमीचा बॉक्स हा मागच्या आवाजाचा तुरुंग असतो. डायपोलमध्ये तुरुंगच नाही! पुढून आणि मागून आवाज मोकळा सुटतो, आणि कडेला दोन्ही लाटा सारख्याच अंतरावरून येऊन एकमेकींना खातात. आवाजाचा नकाशा काढला तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. (आपला ८ इथे कामाचा नाही.) विश्वास बसत नसेल तर डफ आठवा. एका बाजूला चामडं, मागून उघडा. समोर उभं राहिलं की घुमतो, कडेला सरकलं की बारीक होतो.

या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे झिगफ्रीड लिंकविट्झ. १९३५मध्ये जर्मनीत जन्मलेला हा माणूस कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मापनयंत्रांवर काम करायचा. स्पीकर हा ऑफिस सुटल्यानंतरचा उद्योग! १९७६मध्ये त्यानं मांडलेला, लिंकविट्झ-रायली नावानं ओळखला जाणारा क्रॉसओव्हर आजही जगभर वापरात आहे. २०१८मध्ये तो गेला, पण उघड्या पाठीच्या स्पीकरांचे त्याचे आराखडे घरी ठोकाठोकी करणाऱ्यांना अजून पुरतायत.

मामांच्या माळ्यावर जुन्या कॅबिनेटमधले १२ इंची वूफर चार निघाले. दोघांच्या कडेचा फोम हात लावताच भुगा झाला. कापडी कडेचे दोन ठणठणीत होते. इथे एक गंमत आहे. भल्यामोठ्या चुंबकाचा महागडा वूफर या कामाला फारसा चालत नाही. कोनाला घट्ट लगाम लावणाऱ्या अशा वूफरचा उघड्यावर खर्ज आणखीच पातळ होतो. आपल्याला हवा जरा सैल गडी, अडगळीत पडणारा. मोबाइलवरून एकेक सूर सोडत, मध्ये रेझिस्टर टाकून मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहिलं. ३८ हर्ट्झपाशी काटा उसळला. चालेल, बॉस!

१९ मिलिमीटरचा प्लाय खामगावहून आणला. चौकट ७० सेंटिमीटर उंच, ४० खोल, आणि दोन्ही वूफर एकावर एक बसवलेली फळी बरोबर मधोमध. वरून पाहिलं तर इंग्रजी ‘एच’. सुतारानं काम संपवलं, मामा भोवती एक चक्कर मारून आले.

“पोरी, मागची फळी राह्यली ना लावाची!”

“नाही लावायची, मामा.”

“अबे, मंग हा स्पीकर हाय का खिडकी?”

दोनपैकी एक वूफर मी उलटा बसवला, चुंबक पुढे करून, आणि त्याच्या वायरी अदलाबदल केल्या. कोन दोघांचेही एकाच दिशेला हलतात, पण पुढे-मागे जाताना प्रत्येकाच्या चालीत जो थोडा फरक असतो तो आपसात कटतो. कुठली वायर कुठे, हे दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहायचं. कोन बाहेर आला की सेलच्या अधिक टोकाकडची तार अधिक. हे मात्र मामांना माझ्याआधीपासून माहीत होतं, आणि तेव्हापासून सूत्रं त्यांच्या हातात गेली. चौकट थरथरते म्हटल्यावर जुन्या सायकलच्या टायरचे तुकडे खाली घालायची आयडियाही त्यांचीच.

आता किंमत. मागची लाट पुढचीला खाते ती फक्त कडेला नाही, खाली जावं तसतशी समोरही. आमच्या मापाच्या चौकटीत ४० हर्ट्झला साधारण १० डेसिबल गायब! ते कॉम्प्युटरवरच्या इक्वलायझरनं भरून काढावे लागतात. सूर एक सप्तक खाली नेला, की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला आठपट हलावं लागतं. बंद बॉक्समध्ये चौपट पुरतं. त्यामुळे सिनेमातले स्फोट, डीजेचा दणका विसरा. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं आम्ही फिल्टरनं कापूनच टाकलं, आणि वर ९०ला थांबवलं. पखवाजाला तेवढं भरपूर.

मांडणी महत्त्वाची. मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे, आणि चौकटीची कड काकूंच्या भिंतीकडे. अर्थात खोलीच्या इतर भिंती आवाज परतवतात, त्यामुळे कडेला पूर्ण शांतता मिळत नाही. पण समोर तेवढाच आवाज देताना डायपोल एकूण ऊर्जा एक तृतीयांशच सांडतो. उरलेली दोन तृतीयांश कुणाच्याच झोपेत जात नाही.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. काकू काकांना पेज भरवत होत्या. मी मिस्ड कॉल दिला, पलीकडे मामांनी पखवाज लावला. आवाज येत होता, नाही असं नाही. लांबच्या देवळातून यावा तसा. काकूंनी चमचा थांबवला. आधी मांडणीकडे पाहिलं, मग काकांकडे. काका छताकडे बघत होते, कपाळावर आठी नव्हती.

“ताटं नाही वाजत आता,” काकू म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “साडेनऊवरी लावा म्हणा त्याईले. त्याच्याउप्पर नाही.”

मी निरोप दिला. मामा म्हणाले, “नऊलेच बंद करतो मी.” आणि पुन्हा त्या खिडकीसमोर जाऊन बसले.

उरलेले दोन वूफर मामांनी गोणपाटात बांधून माझ्या हवाली केलेत. फोमची कड नवी बसवून देणारा कारागीर शोधतेय. पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेत चौकट मावेल की नाही, हे अजून टेप लावून बघायचंय.