रोगाची कुंडली

कर्करोग शरीरभर पसरला, नेहमीचे उपाय थकले, की हल्ली गाठीची ‘जनुकीय कुंडली’ काढण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. घरची माणसे त्या वेळी कशासही तयार असतात; म्हणूनच या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

मूळ कल्पना खरोखर भव्य आहे. गाठीतील पेशींना बेबंद वाढविणारा जनुकातील बिघाड हुडकावा आणि नेमका त्यावरच घाव घालावा. १९६० साली नोवेल व हंगरफोर्ड यांनी एका रक्तकर्करोगात आखूड झालेले गुणसूत्र दाखविले. त्या धाग्यावरून निघालेले इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ साली मान्य झाले. आज त्या रोगाचे कित्येक रुग्ण गोळी घेऊन वर्षानुवर्षे आपला कामधंदा करीत आहेत. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली, हेही ध्यानात असावे!

फुफ्फुसाच्या कर्करोगात ही तपासणी चैन नव्हे, गरज आहे. २००९ साली आशियातील रुग्णांवरील प्रयोगात असे दिसले की, ईजीएफआर जनुकात बिघाड असलेल्यांना जेफिटिनिबची गोळी केमोथेरपीहून सरस ठरली. बिघाड नसलेल्यांचा रोग मात्र त्याच गोळीवर अधिक लवकर बळावला. अशा मोजक्या तपासण्या सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य झाल्याच पाहिजेत.

परंतु शेकडो जनुकांची सरसकट कुंडली ही गोष्ट निराळी. बिघाड सापडला म्हणजे औषध सापडले, असे नव्हे. बीआरएएफ जनुकाच्या एकाच बिघाडावरील औषधाने त्वचेच्या मेलॅनोमात सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठी आटल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते एकटे जवळजवळ निष्फळ ठरले. फ्रान्समधील ‘शिवा’ नामक प्रयोगात १९५ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. कुंडली पाहून दुसऱ्याच रोगाचे औषध दिलेल्यांत रोग अधिक काळ थोपला नाही, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. एखाद्यास लाभ होतो, हे आम्ही नाकारीत नाही. एनटीआरके जनुकांचा दुर्मीळ बिघाड असल्यास अवयव कोणताही असो, गुण येतो. पण त्या एखाद्याच्या आशेवर दहा घरांनी दागिने मोडावेत काय? तपासणीपूर्वीच वैद्याने सांगावे, की उत्तर आल्यास औषध कोणते, ते मिळेल कोठे आणि परवडेल काय.

अहवाल इंग्रजीत येतो, आणि आपल्यासारख्या मराठी घरांत तो वाचून दाखविण्याचे काम बहुधा शाळकरी मुलावरच येऊन पडते. त्याने औषधाच्या नावापाशीच थांबू नये. ते औषध याच अवयवाच्या कर्करोगासाठी मान्य आहे की दुसऱ्याच्या, हे त्याच पानावर पाहावे आणि वडीलधाऱ्यांना तेही वाचून दाखवावे.