धमकी खोटी, पण तयारी खरी हवी

‘इमारतीत बॉम्ब ठेवला आहे’ या चार शब्दांनी एखाद्या मोठ्या संस्थेचा कारभार दोनतीन तास ठप्प होणे, ही गोष्ट आता आपल्या शहरांत नवलाची राहिलेली नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्ली आणि मुंबई येथील उच्च न्यायालयांना एकाच दिवशी अशा धमक्या आल्या. सुनावणी थांबली, न्यायाधीश, वकील आणि पक्षकार बाहेर आले, पोलिसांनी सारी इमारत धुंडाळली आणि हाती काहीही लागले नाही. त्याआधी जुलै २०२५ मध्ये मुंबई शेअर बाजारास, डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेस आणि डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेसह दोन बड्या खाजगी बँकांस अशाच धमक्या ई-मेलने आल्या होत्या. विमान कंपन्यांची कथा तर याहून मोठी आहे. २०२४ साली १४ नोव्हेंबरपर्यंत विमानांना व विमानतळांना आलेल्या खोट्या धमक्यांची संख्या ९९९ भरली, असे केंद्र सरकारनेच लोकसभेत सांगितले. प्रत्येक वेळी शोध झाला आणि प्रत्येक वेळी ‘अफवाच निघाली’ हे परिचित शब्द दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छापले गेले.

या शब्दांनी वाचकाला हायसे वाटते, हे स्वाभाविक आहे. तथापि त्यांत एक धोका दडलेला आहे, आणि त्याकडेच आज आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. खोटे बोलणाऱ्या मुलाची फजिती झाली, एवढेच तिचे तात्पर्य आपण ध्यानात ठेवतो. लांडगा खरोखर आला तेव्हा त्या मुलाच्या खोटेपणाची किंमत बिचाऱ्या मेंढ्यांना मोजावी लागली, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. शंभर धमक्या खोट्या निघाल्या म्हणून एकशे एकाव्या वेळी जिन्याने खाली उतरण्याचा आळस करणारा कारकून, दरवाजात सामान तपासण्याचे सोडून हात हलवून आत सोडणारा रखवालदार आणि ‘कसला बॉम्ब घेऊन बसलात, कामे करा’ असे दटावणारा साहेब यांच्या अंगी हळूहळू जो बेफिकीरपणा मुरत जातो, तो धमकी देणाऱ्या माथेफिरूच्या दुष्टाव्याइतकाच घातक आहे.

१२ मार्च १९९३ चा शुक्रवार मुंबई विसरलेली नाही. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात पहिला स्फोट झाला आणि पुढच्या सुमारे दोन तासांत एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह अशा ठिकाणी स्फोटांची मालिका लागली. त्या दिवशी २५७ माणसे प्राणास मुकली. त्यांत कितीतरी जण कचेरीत आपल्या टेबलाशी बसलेले, अगर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलेले साधे नोकरदार होते. त्यांना कोणीही आगाऊ पत्र धाडले नव्हते. यावरून काही लोक असा सोयीस्कर निष्कर्ष काढतात की, खरा घातकी कधी सांगून येत नाही आणि सांगून येतो तो खरा नसतो. हा निष्कर्ष खोटा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांच्या हाती ई-मेल पडला होता, आणि तो पोकळ नव्हता. शिवाय जो सांगून येतो आणि जो न सांगता येतो, त्या दोघांपासून बचाव करण्याची तयारी एकच आहे. जिना मोकळा असणे, कोणी कोठे जायचे हे ठरलेले असणे आणि आपल्याभोवती काय नेहमीचे व काय परके हे ओळखता येणे, या गोष्टी दोन्ही प्रसंगी उपयोगी पडतात. म्हणूनच धमक्या बहुतेक खोट्या असतात हे मान्य करूनही तयारी खरी असली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

ही तयारी आपल्या कचेऱ्यांत आहे काय? सुज्ञ वाचकाने क्षणभर आपलीच कचेरी डोळ्यांपुढे आणावी. धमकीचा ई-मेल येतो तो चौकशीसाठी ठेवलेल्या सर्वसाधारण पत्त्यावर, आणि तो कधी उघडायचा व कोणी उघडायचा हे कोणासच ठाऊक नसते. दूरध्वनी आलाच तर तो दारावरचा रखवालदार किंवा स्वागतकक्षातील नवखी मुलगी घेते. घाबरून ती फोन खाली ठेवते आणि मग शेजारणीला सांगते. पाच मिनिटांत ती वार्ता प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचते, फक्त ज्याने निर्णय घ्यावयाचा तो अधिकारी तेवढा बैठकीत किंवा बाहेरगावी असतो. त्याच्यामागे निर्णय कोणाचा, हे कोठेच लिहिलेले नसते. मग जो तो आपल्या बुद्धीप्रमाणे वागतो. काही धावतात, काही लिफ्टपाशी गर्दी करतात आणि काही खिडकीतून खालच्या गर्दीची छायाचित्रे घेतात.

वस्तुतः या प्रसंगी काय करावे, हे शास्त्र काही गूढ नाही. धमकीचा दूरध्वनी आला तर तो घाईने बंद करू नये. बोलणाऱ्यास बोलते ठेवावे. बॉम्ब कोठे आहे, केव्हा फुटणार, दिसतो कसा, ठेवला कशासाठी, हे शांतपणे विचारावे. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढावेत. आवाज स्त्रीचा की पुरुषाचा, बोलण्याची ढब कोणती, मागे रहदारीचा, गाडीचा वा यंत्राचा आवाज येतो काय, हे टिपावे, आणि तोवर शेजारच्या सहकाऱ्याने ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे. यासाठी प्रश्नांचा एक छापील कागद दूरध्वनीशेजारी असला तर भेदरलेल्या माणसासही तो पुरतो. ई-मेल असेल तर तो पुसून टाकू नये आणि दहा जणांना पुढेही धाडू नये. तो आला तसाच ठेवावा, कारण पाठविणाऱ्याचा माग त्यातूनच निघतो.

त्यानंतरचा प्रश्न शोधाचा. पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक तज्ज्ञ खरे. परंतु हिशेबखात्यातील कोपऱ्यात काल कोणती पेटी होती आणि आज कोणती नवी आली, हे त्या पथकास कसे कळावे? ते तेथे रोज बसणाऱ्यासच कळते. म्हणून आपापली जागा नजरेखालून घालण्याचे काम कर्मचाऱ्यांनी करावे व संशयास्पद वस्तू दिसताच तिला हात न लावता, तिच्याजवळ मोबाइलवर न बोलता, दूर होऊन वर्दी द्यावी, ही साधी वाटणी आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत एका बेवारस पिशवीने १७ जणांचे प्राण घेतले, याची आठवण पुणेकरांना तरी करून देण्याची गरज पडू नये. येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नजर वस्तूवर आणि वर्तनावर असावी. माणसाच्या नावावर, दाढीवर वा पोशाखावर असू नये. सावधपणाच्या नावाखाली एखाद्या सहकाऱ्याकडे त्याच्या धर्मामुळे संशयाने पाहू लागलो, तर घातपात करणाऱ्यास हवे ते आपणच त्याच्या पदरात घातले असे होईल.

इमारत रिकामी करण्याच्या बाबतीत आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. आगीच्या वेळचा परिपाठ बॉम्बच्या वेळी जसाच्या तसा चालतो, असे समजले जाते. आगीत दारे-खिडक्या बंद करावयाच्या असतात आणि सामान तेथेच टाकून निघावयाचे असते. बॉम्बच्या वेळी दारे-खिडक्या उघड्या ठेवणे बरे, कारण स्फोटाच्या दाबास वाट मिळते. आणि हाताशी असलेली आपली पिशवी आपणच बरोबर न्यावी, म्हणजे मागे उरलेल्या दोनशे पिशव्या तपासण्यात पथकाचा वेळ जात नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांनी जमावयाची जागा. १५ ऑगस्ट १९९८ रोजी उत्तर आयर्लंडमधील ओमा या गावी धमकीचे दूरध्वनी आले. त्यांत जागेचा उल्लेख संदिग्ध होता. पोलिसांनी सद्हेतूने लोकांना न्यायालयापासून दूर हलविले, आणि हलविले ते नेमके ज्या रस्त्यावर स्फोटकांनी भरलेली मोटार उभी होती त्या रस्त्याकडे. २९ माणसे मेली. अहमदाबादेतही जखमींना जेथे नेले जात होते त्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात स्फोट झाला. तेव्हा बाहेर पडण्याचा मार्ग आणि जमण्याची जागा आधी तपासली पाहिजे, हा धडा रक्ताने लिहिला गेलेला आहे. आपल्याकडे मात्र लोक जमतात ते इमारतीच्या वाहनतळात, उभ्या मोटारींच्या मधोमध आणि काचेच्या भिंतीखाली!

बाहेर आलेल्यांची मोजदाद हाही एक प्रश्नच. हजेरीपटावर नाव असलेल्यांची गणती होईल. पण उपाहारगृहातील पोऱ्या, झाडूवाली बाई, कंत्राटदाराने धाडलेला तारतंत्री आणि कामासाठी आलेला पाहुणा यांची गणती कोण करणार? ज्या रखवालदाराच्या शिरावर साऱ्या इमारतीच्या रक्षणाचा भार टाकला आहे, तो स्वतः बहुधा कंत्राटी, बारा बारा तास उभा राहणारा आणि कसलेही शिक्षण न मिळालेला असतो. धोक्याच्या वेळी सर्वांत पुढे त्याने राहावे आणि कवायतीच्या वेळी मात्र तो ‘आपला’ नव्हे, ही नीती कोणत्याही संस्थेस शोभणारी नाही.

कामाच्या जागी होणारी हिंसा केवळ बाहेरून येते असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात येरवडा येथे एका कंपनीच्या वाहनतळात एका तरुण कर्मचारी स्त्रीवर तिच्याच सहकाऱ्याने दिवसाउजेडी कोयत्याने वार केले आणि ती दगावली. आसपास माणसे उभी होती. हल्लेखोराच्या हातून शस्त्र दूर झाल्यावर मग त्यांना पुढे सरसावण्याचा धीर आला. त्या माणसांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अशा वेळी ओरडून लोकांना सावध करावे, मिळेल ती वस्तू दुरून फेकून हल्लेखोराचे लक्ष विचलित करावे, धोक्याची घंटा वाजवावी, असे कोणी त्यांना कधी शिकविले होते काय? रुग्णालयांतील डॉक्टरांवर नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्राने २०१० सालीच स्वतंत्र कायदा केला, तरीही मारहाण थांबली नाही. कारण कायदा मारहाण झाल्यानंतर धावतो. आधी धावावयाची ती कार्यपद्धती. सहकाऱ्याने दिलेली धमकी कोणापाशी सांगावी आणि सांगणाऱ्यास संरक्षण कोण देईल, हे ठरलेले नसेल तर माणसे गप्प बसतात आणि गप्प बसण्याची किंमत पुढे कोणीतरी प्राणाने देतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. प्रत्येक धमकीस भिऊन इमारत रिकामी करू लागलो तर ते धमकी देणाऱ्या टवाळखोराचेच फावणे नव्हे काय? आमचे उत्तर असे की, रिकामी करणे हा अनेक उपायांपैकी एक उपाय आहे. धमकीत किती नेमकेपणा आहे, जागेची माहिती खरी आहे काय, तीच भाषा आणखी पन्नास ठिकाणी पाठविली आहे काय, हे पाहून आधी गुपचूप शोध घ्यावयाचा की लगेच बाहेर पडावयाचे, हे जबाबदार अधिकाऱ्याने पोलिसांच्या सल्ल्याने ठरवावयाचे असते. ज्याच्यापाशी कार्यपद्धती नाही त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: घाबरून पळणे किंवा हसून दुर्लक्ष करणे. कार्यपद्धतीमुळे तिसरी वाट, म्हणजे विचाराची वाट, मोकळी होते. धमकी देणाऱ्यांची गय करावी असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत निनावी धमकीसाठी दोन वर्षांपर्यंतच्या जादा कारावासाची तरतूद आहे. ती वापरली गेली पाहिजे.

आता मागणी. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर घातक रसायनांच्या कारखान्यांना आणीबाणीची योजना तयार ठेवणे १९८७ साली कायद्याने भाग पाडण्यात आले. हजारो माणसे पोटात घेणाऱ्या कचेऱ्यांच्या मनोऱ्यांना बॉम्बच्या व हिंसेच्या प्रसंगासाठी तशीच योजना लेखी ठेवण्याची सक्ती का नसावी? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमाप्रमाणे इमारतीची अग्निशमनव्यवस्था ठीक असल्याचे प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. त्याच दोन महिन्यांत बॉम्बच्या प्रसंगाची कवायत घ्यावी, तीत कंत्राटी कामगारांसह सर्वांना सामील करावे, निर्णय घेणारा अधिकारी व त्याचा पर्यायी अधिकारी यांची नावे भिंतीवर लावावीत, आणि पोलीस खात्याने दूरध्वनीशेजारी ठेवावयाचा तो प्रश्नांचा कागद मराठीत छापून दुकानांपासून बँकांपर्यंत फुकट वाटावा. यांतल्या एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. जिन्यातील जुन्या फायलींची गाठोडी आणि मोडक्या खुर्च्या हलविण्यास तर कसलाच खर्च नाही. त्यास केवळ इच्छा लागते.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. प्रत्येक घातपातानंतर दारोदार धातुशोधक कमानी उभ्या राहतात, वर्षभरात त्या वाजल्या तरी कोणी वळून पाहत नाही. असे पुन्हा होऊ नये. सरकार आज्ञा काढील तेव्हा काढील. परंतु आपल्या कचेरीचा मागील जिना कोणत्या बाजूस आहे आणि त्याच्या दाराला कुलूप तर नाही ना, हे पाहण्यास कोणाच्याही आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. आमच्या वाचकांनी आज कामावर पोहोचल्यावर आपल्या जागी बसण्यापूर्वी एवढे एक काम करावे, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.