पदवी आहे, पण मोजत नाहीत

गेल्या ईदला भाचीचा अमेरिकेहून फोन आला. मुबारकबाद झाली, नानीच्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग ती हळूच म्हणाली, "मामू, माझी बीएस्सी इथं मोजतच नाहीत."

ही मुलगी सांगली जिल्ह्यात वाढली. नीटमध्ये सरकारी जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि खासगी कॉलेजची फी माझ्या बहिणीला झेपणारी नव्हती. मग तिने सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात. लग्नानंतर ती न्यू जर्सीला गेली. ग्रीनकार्ड मिळालं. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होतं हे तिथं गेल्यावर तिला कळलं आणि वाटलं, पदवी तर आपल्याकडे आहेच! एका सल्लागाराने पदवीचं मूल्यांकन करून देतो म्हणून पैसे घेतले. शिक्क्याचा कागद हाती आला. तो घेऊन ती कॉलेजांकडे चौकशी करू लागली, तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: अमेरिकेतल्या कॉलेजमधली तुमची क्रेडिट्स किती? उत्तर होतं, शून्य.

यात कुणी तिच्यावर वैयक्तिक अन्याय केला असं नाही. नियमच तसा आहे. तिथल्या बहुतेक एमडी कॉलेजांचे अर्ज 'अ‍ॅमकास' या केंद्रीय यंत्रणेमार्फत जातात. ही यंत्रणा परदेशी विद्यापीठातले गुण तपासत नाही आणि सरासरीतही धरत नाही. आधीचे ठरावीक विषय अमेरिकेत किंवा कॅनडात शिकलेले असावेत अशी बहुतेक कॉलेजांची अट असते: जीवशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र, इंग्रजी, आणि विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेसह. काही कॉलेजांना वर्षभराचा अभ्यास पुरतो, तर काही नव्वद क्रेडिट्स, म्हणजे जवळपास तीन वर्षं मागतात. आपली तीन वर्षांची पदवी त्यांच्या चार वर्षांच्या पदवीशी काही ठिकाणी बरोबरीची धरत नाहीत, ही वेगळीच अडचण.

त्यानंतर एमकॅट. ही जवळपास दिवसभर चालणारी परीक्षा, गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात. विज्ञानाबरोबर मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आहे, आणि एक पूर्ण विभाग फक्त इंग्रजी उतारे वाचून समजण्याचा. शिवाय शिफारसपत्रं, रुग्णालयातल्या कामाचा अनुभव, निबंध, मुलाखती. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला करायचा आणि प्रवेश मिळालाच तर वर्ग पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू. २०२४ साली एमडी कॉलेजांकडे सुमारे ५२ हजार उमेदवारांनी अर्ज केले, जागा मिळाली सुमारे २३ हजारांना. यातले बहुसंख्य तिथंच शिकलेले.

भाचीचं गणित मांडून पाहिलं. दोन-तीन वर्षं क्रेडिट्ससाठी, एक वर्ष अर्जाचं, चार वर्षं मेडिकल कॉलेज, वर किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी. आज ती सव्वीस वर्षांची आहे.

तरी तिच्याकडे ग्रीनकार्ड आहे, म्हणजे अर्धं दार उघडं आहे. नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसलेल्यांचा अर्ज अनेक कॉलेजं विचारातच घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधीच खात्यात ठेवून दाखवा म्हणतात. तिथलं सरकारी शैक्षणिक कर्जही अशांना मिळत नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर एच-४ व्हिसावर जाणाऱ्या आपल्या मुलींना शिकायची परवानगी असते, पण या बाबतीत त्यांची गणना परदेशी विद्यार्थ्यांतच होते.

इथं आनंदीबाई जोशींची आठवण येते. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कुठलीही पदवी नव्हती. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना घेतलं आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचं त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला, प्रवेशाच्या अटी कडक झाल्या, निकृष्ट कॉलेजं बंद पडली. रुग्णांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच मेडिकल कॉलेजांनाही टाळं लागलं. दर्जाचा नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

तो नियम बदलणं आपल्या हातात नाही. जगातल्या प्रत्येक विद्यापीठाचे गुण ताडून पाहणं तिथल्या कॉलेजांना शक्य नाही, हेही मान्य करू. मग आपल्या हातात काय आहे?

मी स्वतःपासून सुरुवात करतो. बारावीला भाचीचा गुणवंत म्हणून सत्कार झाला, त्या कार्यक्रमाचा अध्यक्ष मीच होतो. शाल दिली, स्मृतिचिन्ह दिलं, शिक्षणाचं महत्त्व सांगणारं अर्ध्या तासाचं भाषण केलं. पुढच्या वाटा कोणत्या, कोणत्या वाटेला काय लागतं, हे त्या अर्ध्या तासात एकदाही आलं नाही. लग्न ठरताना आम्ही मुलाचा पगार विचारला, घर विचारलं. व्हिसा कोणता आणि त्यावर मुलीला काय शिकता येईल, हे मी मामा असूनही विचारलं नाही. ओळखीतले एक डॉक्टर तेवढे म्हणाले, "तिकडे जाऊन परीक्षा दे, होईल." त्यांना माहीत होती ती एमबीबीएस झालेल्यांची वाट: ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, यूएसएमएलईच्या परीक्षा आणि मग रेसिडेन्सी. बीएस्सी झालेल्या मुलीला ती वाट लागूच नाही. दोन वाटांमधला हा फरक कुणी सांगितला असता तर तिची दोन वर्षं आणि सल्लागाराला दिलेले पैसे वाचले असते.

म्हणून मोहल्ल्यातल्या आणि जिल्ह्यातल्या आपल्या संस्थांना विनंती आहे. सत्काराच्या खर्चातला थोडा भाग मार्गदर्शनावर खर्च करा. परदेशी जाणाऱ्या मुलीला आधी चार गोष्टी विचारायला शिकवा: माझा व्हिसा कोणता, माझी पदवी तिथं कोण मोजणार, कोणते विषय पुन्हा करावे लागतील आणि पैसा कुठून येणार. २०२० च्या शैक्षणिक धोरणातला चार वर्षांच्या पदवीचा पर्याय निवडला तर वर्षांची अडचण कमी होऊ शकते, पण अमेरिकी क्रेडिट्सची अट त्याने सुटत नाही, हेही स्पष्ट सांगा. नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य, प्रयोगशाळा तंत्रज्ञान या वाटाही सांगा, आणि त्या सांगताना आवाज खाली आणू नका. परदेशी उच्च शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना कर्जाच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

भाचीने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आहे. तिथली क्रेडिट्स काही मेडिकल कॉलेजांना चालतात, काहींना नाही, हे तिने या वेळी स्वतः विचारून घेतलं. पहिला विषय सामान्य रसायनशास्त्र, इथं एकदा शिकून झालेलाच. घरात कुणीतरी "मग मूलबाळ कधी?" असं विचारलंच. ती म्हणाली, "ते आम्ही दोघं ठरवू. मामू, तुम्ही एवढंच करा, विद्यापीठातून माझी सीलबंद गुणपत्रकं पाठवा. मोजत नसले तरी काही कॉलेजं बघायला मागतात."

सोमवारी मी विद्यापीठात जाणार आहे. आपल्यापैकी कुणी किंवा कुणाची लेक या वाटेने गेली असेल, तर काय लागलं, किती वर्षं गेली, कुठं अडलं ते आम्हाला लिहून कळवा. यश मिळालं नसेल तरीही कळवा. निघण्याच्या तयारीत असलेल्या मुलींना त्याचाच जास्त उपयोग होईल.