फ्रान्सचे नाव घेण्याआधी

हिजाबबंदीचा वाद सुरू झाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अहो, फ्रान्ससारख्या पुढारलेल्या देशातही बंदी आहे.’ हिंदुत्ववादी हे म्हणतात, पुरोगामी मित्र म्हणतात आणि आपल्या चळवळीतले काही कार्यकर्तेही म्हणतात. दुसरीकडे मौलवी मंडळी त्याच फ्रान्सला इस्लामचा शत्रू ठरवून मोकळी होतात. विद्यार्थी-अदलाबदल योजनेतून २०२४ च्या जानेवारी ते मे या सत्रात मी स्ट्रासबूर्ग विद्यापीठात शिकायला होते. तिथे जे पाहिले आणि वाचले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की दोन्ही बाजू ज्या फ्रान्सबद्दल बोलतात तो त्यांच्या सोयीचा आहे. आणि या सोयीची किंमत आपल्या मुली मोजत आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठात विद्यार्थिनीला डोके झाकून बसता येते. माझ्या वर्गात स्कार्फ बांधणाऱ्या मुली होत्या. त्या प्रश्न विचारत, निबंध सादर करत, ग्रंथालयात रात्रीपर्यंत बसत. १५ मार्च २००४ च्या कायद्याने ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी आणली ती सरकारी शाळांमध्ये, म्हणजे बाकालोरेआच्या परीक्षेपर्यंत. विद्यापीठ त्या कायद्याच्या बाहेर आहे. शाळेतले मूल अजाण असते, त्याच्यावर घरचा आणि मोहल्ल्याचा दबाव असू शकतो, विद्यापीठात येणारी व्यक्ती मात्र सज्ञान असते, असा त्यामागचा विचार आहे. ही बंदी विद्यापीठांत आणावी अशी शिफारस २०१३ मध्ये एका सरकारी सल्लागार मंडळाने केली, २०१६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मान्युएल वाल्स यांनीही तसे मत मांडले. पण कायदा झाला नाही. चेहरा झाकण्यावर मात्र २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी सर्वत्र मनाई आहे, विद्यापीठातही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्कार्फ बांधलेली विद्यार्थिनी समोर चालते, पण शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला स्कार्फ चालत नाही. तिने गळ्यात मोठा क्रॉस घातलेलाही चालत नाही. सुरुवातीला मला हा दुटप्पीपणा वाटला. नंतर तर्क कळला : तटस्थ राहण्याचे बंधन सरकारवर आणि सरकारच्या वतीने काम करणाऱ्यावर आहे, सेवा घेणाऱ्या नागरिकावर नाही. परिचारिका-प्रशिक्षणाबाबत कोंसेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला निकाल याचे चांगले उदाहरण आहे. वर्गात शिकताना विद्यार्थिनी स्कार्फ बांधू शकते. तीच मुलगी प्रशिक्षणासाठी सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात उभी राहिली की ती सेवा देणारी होते, आणि तिथे तिने तटस्थ दिसायचे. मुलगी तीच, पण तिची भूमिका बदलली की नियम बदलतो.

तिसरी गोष्ट खास स्ट्रासबूर्गची. फ्रान्समध्ये धर्म आणि राज्य वेगळे करणारा कायदा १९०५ चा. तेव्हा आल्सास आणि मोझेल हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो परत आला, पण तो कायदा तिथे लागू झालाच नाही. त्यामुळे तिथल्या कॅथलिक व प्रोटेस्टंट धर्मगुरूंचा आणि ज्यू रब्बींचा पगार आजही फ्रेंच सरकार देते. स्ट्रासबूर्गच्या सरकारी विद्यापीठात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशास्त्राच्या स्वतंत्र विद्याशाखा आहेत. मान्यताप्राप्त पंथांच्या यादीत इस्लाम नाही. तरी याच स्थानिक कायद्यामुळे २०१२ मध्ये खुल्या झालेल्या शहरातल्या मोठ्या मशिदीच्या बांधकामाला सार्वजनिक निधी मिळू शकला. त्या वर्षी गुड फ्रायडे रमजानमध्ये आला होता. पॅरिसमध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, आम्हाला होती. ईदची सुट्टी आम्हाला नव्हती. आपल्याकडे दोन्ही सणांना सुट्टी असते, हे तिथे रोजा धरून आणि ईदला वर्गाला जाऊन मला नव्याने जाणवले. सांगायचे एवढेच की फ्रेंच धर्मनिरपेक्षता ही दगडात कोरलेली एकच आज्ञा नाही. इतिहासातून आलेल्या तडजोडी तिच्यातही आहेत. मग आपल्या तडजोडींची आपणच का लाज बाळगावी?

फ्रान्समध्ये सारे काही ठीक आहे असे मला म्हणायचे नाही. सप्टेंबर २०२३ पासून तिथल्या शाळांत अबायालाही बंदी आहे. लांब झगा फॅशनचा की धर्माचा, हे शाळेच्या दारात ठरवायची वेळ आली आहे. बंदीने मुलींचे भले झाले का, यावर संशोधकांतही एकमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधिकांनी २०२० मध्ये दाखवले की २००४ च्या कायद्यानंतर मुस्लिम मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याचे प्रमाण घटले. उलट पॅरिसमधील अर्थशास्त्रज्ञ एरिक मोरँ यांच्या अभ्यासात, १९९४ च्या सरकारी परिपत्रकानंतर मुस्लिम मुलींची शैक्षणिक स्थिती सुधारल्याचे दिसते. शाळेच्या वयाबद्दल म्हणूनच प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. सज्ञान विद्यार्थिनीबद्दल फ्रेंच कायद्यातही तो प्रश्न नाही.

आता आपल्याकडे पाहू. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाबबंदी उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले आणि प्रश्न लटकला. मी परत आले तेव्हा मुंबईतल्या एका महाविद्यालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांना हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांना मनाई केल्याचा वाद पेटला होता. २६ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात बुरखा चालणार नाही हेही सांगितले. टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असा प्रश्न तेव्हा खंडपीठाने विचारला. गंमत अशी की डोके झाकता येईल, चेहरा नाही, हा अंतरिम आदेशच फ्रेंच विद्यापीठातल्या नियमाच्या जवळ जातो. फ्रान्सचा दाखला देऊन पदवीच्या मुलींना दारातून परत पाठवणारे त्यापासून कोसभर दूर आहेत.

मी हिजाब घेत नाही. स्त्रीची अब्रू कापडात मोजणाऱ्या विचाराशी माझे भांडण आहे आणि ते मी घरात, नात्यात, मोहल्ल्यात करत राहीन. पण ते भांडण माझे आणि माझ्या बहिणीचे आहे. तिच्या महाविद्यालयाच्या पहारेकऱ्याला मी ते सोपवणार नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानसभेवर नेला, तेव्हा मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. सरकारने स्त्रीला हक्क द्यावा, असे ते मागणे होते. तिच्यासाठी एक दार कमी करा, असे नव्हे. सुधारणावादी म्हणवणाऱ्या आपण हा फरक विसरलो, तर घरी बसलेल्या मुलीला आपली पुस्तके कोण वाचायला देणार?

म्हणून चळवळीला माझी दोन मागण्यांची विनंती आहे. एक, कोणत्याही महाविद्यालयाने असा नियम काढला तर आपण आधी त्या मुलीच्या हजेरीची चौकशी करावी, तिच्या स्कार्फची नंतर. दुसरी, आपल्या मुलींना परदेशी भाषा शिकू द्याव्यात. शहरी कनिष्ठ महाविद्यालयांत गुण मिळवण्यासाठी घेतली जाणारी फ्रेंच उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला कुणी सुचवतही नाही. बहुतेक फ्रेंच अभ्यासक्रमांना बी-२ पातळीची भाषा लागते. ती असेल तर करार झालेल्या विद्यापीठांत अदलाबदलीच्या सत्राचे शुल्क सहसा आपल्याच महाविद्यालयाला भरायचे असते, तिथे वेगळे शुल्क नसते. राहण्या-जेवण्याचा खर्च मोठा आहे, त्यासाठी समाजातल्या कमावत्या लोकांनी हात सैल सोडावा. लग्नाच्या एका मांडवाच्या खर्चात एका मुलीचे सत्र निघेल. स्कार्फ बांधून जाणारी जावी, न बांधता जाणारीही जावी. कायदा कसा वाचायचा आणि कुणाच्या तोंडून ऐकायचा, हे त्या आपले आपण ठरवतील.