करवंद शिजलं तर जाळी टिकेल

माझं म्हणणं सरळ आहे. करवंदीच्या जाळ्या डोंगरावर टिकायच्या असतील, तर करवंद घरोघरी शिजलं पाहिजे. मी चिपळूणला राहते. उन्हाळी फळांची लोणची, सरबतं, मुरंबे करून विकणं हा माझा व्यवसाय. एप्रिल-मेमध्ये कैरी, फणस, रातांबे, करवंदं, जांभळं एकामागून एक दारात येतात आणि पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत उसंत मिळत नाही. या सगळ्या फळांत करवंदाची अवस्था मला सर्वांत जास्त खुपते.

आधी रातांब्याकडे बघा. साल रसात बुडवून बुडवून वाळवली की आमसूल, मीठ घालून रस काढला की आगळ, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृतकोकम. बियांचं तेल टाचांच्या भेगांना. आमटी, सोलकढी, माशाचं कालवण यांत त्याची जागा पक्की आहे. म्हणूनच परसातला रातांबा कोणी सहजासहजी तोडत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जे फळ रोजच्या जेवणात जातं, त्याची काळजी घेणारे आपोआप तयार होतात.

करवंदाला हे भाग्य लाभलेलं नाही. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, घाटात गाडी थांबवून पानाचा एक द्रोण घेतो, गाडीतच संपवतो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरतो. आमच्या लहानपणी करवंद फोडून खेळ चालायचा. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. तो खेळ माहीत असलेली माणसं आज पन्नाशी-साठीची आहेत आणि त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ब्लूबेरीची सव्वाशे ग्रॅमची डबी असते. ब्लूबेरी खाणाऱ्यांवर माझा राग नाही. फळ चांगलंच आहे. पण ती ज्या गुणासाठी घेतली जाते, तो गुण सह्याद्रीच्या उतारावर काट्यांमध्ये पिकतो आहे आणि त्याला गिऱ्हाईक नाही, हे मला सहन होत नाही.

तो गुण कोणता, हे नीट सांगायला हवं, कारण याबाबतीत फार सैल बोललं जातं. ब्लूबेरीचा निळा, जांभळाचा जांभळा आणि करवंदाचा काळसर लाल हे रंग अँथोसायनिन नावाच्या एकाच गटातल्या द्रव्यांमुळे येतात. ब्लूबेरी माणसांना खायला देऊन अनेक अभ्यास झाले आहेत आणि त्यांतल्या काहींत रक्तवाहिन्यांच्या कामात माफक सुधारणा दिसली आहे. आपल्या करवंद-जांभळांवरचं काम मात्र बहुतांशी प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालेलं आहे. त्यामुळे माझ्या बाटल्यांवर मी ‘मधुमेहावर गुणकारी’ असं छापत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. ब्राझीलमध्ये मधुमेही रुग्णांना जांभळाच्या पानांचा काढा देऊन काटेकोर चाचणी झाली, तेव्हा त्यांची साखर काही उतरली नाही. डॉक्टरांची गोळी बंद करून जांभूळबियांच्या पुडीवर विसंबणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. अशा विश्वासानं फळाचा मान वाढत नाही, माणसाच्या जिवाला मात्र धोका होतो.

मग करवंद का खायचं? त्यात चोथा आहे, आंबटपणा आहे, गडद रंग आहे, आणि ते अगदी जवळ पिकतं. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहारतत्त्वं मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम फळं आणि ४०० ग्रॅम भाज्या सुचवतात. कोकणातल्या कितीतरी घरांत मेमध्ये भाजी महाग आणि शिळी असते, पण हाकेच्या अंतरावर फळ पिकलेलं असतं. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. नाचणी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. जेवणात त्याच्या जोडीला आंबट फळ असेल, तर हे लोह अधिक शोषलं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या उलट काम करतो. म्हणजे नाचणीच्या भाकरीबरोबर कच्च्या करवंदाची चटणी खाण्याला चवीपलीकडे अर्थ आहे. औषध म्हणून नव्हे, रोजच्या ताटातलं तोंडीलावणं म्हणून.

आता चुलीकडे येते, कारण माझा सगळा भर त्यावर आहे. करवंद तोडलं की ते फार तग धरत नाही. साल पातळ, आत चीक आणि रस. दुपारी टोपलीत दाबलं गेलं की संध्याकाळी आंबल्याचा वास येतो. ब्लूबेरी थंड साखळीतून समुद्र ओलांडते, करवंदाला धड पुण्यालाही पोचता येत नाही. त्याचं खरं शीतगृह म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं स्वयंपाकघर.

कच्चं हिरवं करवंद चैत्रातच हाती लागतं. त्याचा चीक हाताला चिकटतो, म्हणून आधी हाताला तेल लावायचं आणि करवंदं मिठाच्या पाण्यातून दोनदा काढायची. दोन भाग करून बिया काढल्या की निम्मं काम झालं. चटणीसाठी मूठभर करवंदं, तेवढंच ओलं खोबरं, तीन-चार हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. पाट्यावर वाटली तर उत्तम, मिक्सरमध्ये अगदी थोडं फिरवलं तरी चालतं. फार बारीक करू नये. ही चटणी कच्चीच राहते, त्यामुळे उष्णतेनं नासणारं क जीवनसत्त्व तिच्यात टिकतं. लोणच्याला मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट आणि थोडा गूळ. माझ्या सासूबाई तुरीच्या आमटीत आमसुलाऐवजी चार करवंदं ठेचून घालत, बांगड्याच्या कालवणातही. आजही माझ्याकडे चैत्र-वैशाखात आमसुलाच्या डब्याला हात लागत नाही.

पिकलेल्या करवंदाची रीत वेगळी. रुंद तोंडाच्या स्टीलच्या पातेल्यात करवंदं बुडतील न बुडतील इतकंच पाणी, झाकण ठेवून सालं फुटेपर्यंत मंद आच. मग चाळणीवर घासून गर काढायचा, बिया वर राहतात. अॅल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ वापरू नये, आंबट रस भांड्याला लागतो आणि धातू पोटात जातो. या गरात किलोमागे पाव किलो तांबूस, अर्धी पिकलेली करवंदं मिसळावीत. त्यांत पेक्टिन जास्त असतं, त्यामुळे मुरंबा साखरेच्या डोंगराशिवाय घट्ट होतो. बाजारातल्या जॅममध्ये विद्राव्य घटक किमान ६५ टक्के असावे लागतात आणि त्यांतला बराच मोठा भाग साखरेचा असतो. आरोग्यासाठी फळ घेतलं आणि चमच्यात साखर आली, तर उपयोग काय? मी घरच्यासाठी गराच्या निम्मी साखर घालते, बाटली लहान ठेवते, फ्रिजमध्ये ठेवते आणि महिन्याच्या आत संपवते. आच फार वेळ ठेवली तर रंग तपकिरी होतो. तो रंग गेला म्हणजे अँथोसायनिनही गेलं, इतकं डोळ्यांनी कळतं. उतरवताना लिंबू पिळलं की लाल खुलतो.

जांभळाला मी शक्यतो विस्तव दाखवत नाही. बहाडोली आणि बदलापूरच्या जांभळांना आता भौगोलिक मानांकन आहे, ती मोठी आणि गरदार. आमची रानातली जांभळं लहान, तुरट, बी मोठं. मीठ लावून तासभर ठेवली की गर सुटतो. तो घट्ट दह्यात कालवून वर जिरं-मिरचीची फोडणी द्यावी. मुलं ही कोशिंबीर वाटी चाटून खातात.

एवढं सगळं सांगण्यामागचं कारण जाळीत आहे. करवंदं आणणाऱ्या बाया आमच्याकडे वरच्या धनगरवाड्यांतून आणि कातकरी वस्त्यांतून येतात. पहाटे निघून, हात काट्यांनी ओरबाडून, उन्हं चढायच्या आत टोपली भरायची. पिकलेलं फळ रस्त्यावर द्रोणाच्या भावानं विकलं जातं आणि दुपारनंतर उरलेलं जवळजवळ फुकट जातं. किलोवर घेणारं, रोख देणारं, कच्चंही मागणारं गिऱ्हाईक असेल, तर त्यांचा तीन आठवड्यांचा हंगाम दोन महिन्यांचा होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वननिवासींना गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला. त्या हक्काला अर्थ यायचा तर विकत घेणारा हवा.

आणि जाळ्या झपाट्यानं जात आहेत. प्लॉट पाडताना जेसीबी पहिल्यांदा करवंदीवरच फिरतो, कारण कागदावर ती झुडपं म्हणजे नुसता झाडोरा. फार्महाऊसला तारेचं कुंपण येतं, पूर्वी तिथं करवंदीचंच कुंपण असायचं. फाल्गुनात लावलेले वणवे मोहरलेल्या जाळ्या जाळून जातात. या जाळ्यांत बुलबुल घरटी करतात, बिया तेच पसरवतात, उतारावरची माती त्यांच्या मुळांनी धरलेली असते.

मागणी वाढली तर लोक फांद्या तोडून जाळ्या ओरबाडतील, असं एका वनस्पती-अभ्यासक मैत्रिणीनं मला बजावलं होतं. तिची भीती खरी आहे. बाहेरचा ठेकेदार ट्रक घेऊन आला, तर हेच होईल. पण वर्षानुवर्षं त्याच जाळीवर जाणारी बाई फांदी मोडत नाही, पुढच्या वर्षीही तिला तिथंच यायचं असतं. म्हणून माल तिच्याकडूनच घ्यावा, मध्यस्थाकडून नको. शिवाय करवंद लावताही येतं. बी ताजं रुजवलं तर रोप सहज होतं, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. आंबा-काजूच्या बागांना तारेऐवजी करवंदीचं कुंपण करायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोकणातल्या खानावळी आणि घरगुती निवासवाल्यांना माझी विनंती आहे. मे महिन्यात तुमच्या ताटात सोलकढी असतेच, तिच्याशेजारी चमचाभर करवंदाची चटणी वाढा आणि ती कुठल्या वाडीतून आली ते पाहुण्याला सांगा. कच्ची करवंदं हवी असतील तर पाडव्यानंतर लगेच बायांना सांगून ठेवा, किती किलो आणि कोणत्या वारी ते ठरवा आणि पैसे त्याच दिवशी द्या. पिकलेली घ्यायची असतील तर मृगाच्या आत घ्या. एकदा पाऊस लागला की फळ पाणचट होतं आणि त्यात अळी पडते.