कर्णबधिर खेळाडूंना सत्कार नको, हक्क हवा

नोव्हेंबर २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारून कर्णबधिर मल्ल वीरेंद्र सिंह दिल्लीच्या हरियाणा भवनासमोर पदपथावर बसले. मागणी एकच: पॅरा खेळाडूंचे हक्क आम्हांलाही द्या. वास्तविक कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा १९२४ साली सुरू झाल्या, पॅरालिंपिक १९६० साली. २०१६ च्या कायद्याने अपंगांना क्रीडायोजनांत सामावून घेण्याचे बंधनही घातले आहे. परंतु मान्यता पदकापासून नव्हे, पहिल्या पायरीपासून हवी. या स्पर्धांच्या पात्रतेसाठी चांगल्या कानाचीही किमान ५५ डेसिबल श्रवणहानी सिद्ध करावी लागते. मुलचेऱ्याच्या जंगलातील मुलाने ती कोठे सिद्ध करावी? तालुका स्पर्धेतच श्रवणतपासणी आणि शर्यतीसाठी पिस्तुलाऐवजी प्रकाशाचा इशारा मिळावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपुढे मांडावी.