सैनिकाची विद्या

भारतीय सैन्याचें सिग्नल्स दल १५ फेब्रुवारी १९११ रोजीं स्थापन झालें. त्याचे जवान जबलपूर व गोवा येथील केंद्रांत शिक्षण घेतात. तारयंत्राच्या काळीं आरंभलेली त्यांची विद्या आज संगणकांच्या जाळ्यापर्यंत पोंचली आहे. एक मार्ग तुटल्यास निरोप दुसऱ्या मार्गानें जावा, आणि ज्याला जेवढा अधिकार तेवढाच प्रवेश मिळावा, हीं तींतील मुख्य सूत्रें. असा मनुष्य चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो, तेव्हां पदवी नाहीं म्हणून त्यास पुष्कळदां पहारेकऱ्याची जागा दाखविण्यांत येते. आमच्या मतें हा विद्येचाच अनादर होय. बँकेचें वा रुग्णालयाचें जाळें सोंपवितांना त्याची परीक्षा अवश्य घ्यावी. पण ती दाखल्यावरून नव्हे, तर बंद पडलेल्या जाळ्यापुढें बसवून घ्यावी.